भाकरी कोण थापणार?

सोलापुरातून परत निघालेला पाहुणा पूर्वी चादर घेऊन जायचा. आता चादर घेईलच असं नाही, पण शेंगाचटणीचं पाकीट आणि कडक भाकरीचा गठ्ठा हमखास घेतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींना ती भाकरी म्हणजे कौतुकाचा खाऊ. चटणीवर कच्चं तेल, शेजारी दही, बुक्कीनं फोडलेला कांदा, आधी फोटो आणि मग घास. त्यांच्या कौतुकाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दुकानात काचेच्या कपाटात रचलेल्या त्या भाकऱ्या बघितल्या की मला कायम वाटतं, ज्या गावातल्या बायकांना दोन्ही वेळा चुलीपुढे बसायला उसंत नव्हती, त्या गावानं शोधून काढलेली ही तोड आहे. भाकरी भाजली की लगेच खायची नाही. मंद आचेवर, तव्याच्या कडेला, चुलीच्या भिंतीला टेकवून ती वाळवायची. पाण्याचा अंश गेला की ती पापडासारखी कडकडते आणि कित्येक दिवस टिकते. एकदा बैठक मारायची, ढीगभर थापून ठेवायच्या, मग शेतावर गेलेला, मागावर गेलेला, शाळेतून आलेला, ज्याला जशी भूक लागेल तसा तो मोडून खातो. आता बचत गटांच्या बायका तिचा धंदा करतात, पाकिटावर लेबल लागलंय, कुरिअरनं ती कुठल्या कुठं जाते.

सकस अन्न सगळ्यांना कसं मिळेल यावर आपल्याकडे बोलणं निघालं की गाडी दोन स्टेशनांवर थांबते. पिकतं किती, आणि परवडतं का. शिजवणार कोण आणि कुठल्या वेळात, हे कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना गृहीत असतं. घरात बाई आहे ना!

ज्वारीपासूनच सुरुवात करते, कारण आमचा जिल्हा तिच्याच नावानं ओळखला जायचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी. पावसाळा सरता सरता ओलीवर पेरायची, पुढे पाऊस पडो न पडो, थंडी आणि दव यांच्यावर ती पोसते. 'मालदांडी ३५-१' हा देशभर गेलेला वाण आमच्याच मोहोळच्या केंद्रावर गावरान ज्वारीतून निवडलेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. लोहाचं अंतर त्याहून मोठं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा आमच्याकडेही फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, ज्वारीचा केक झाला, ज्वारीचा पिझ्झा झाला. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी भाकरीला तिसरा नंबर दिला, यावर मी काय बोलू?

पण ज्वारी ही मागणी करणारी बाई आहे. गव्हात चिकटपणा धरून ठेवणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नाही. म्हणून कढत पाणी घालून पीठ मळायचं, तळहाताच्या मुळानं काठवटीत रगडायचं, गोळा गुळगुळीत झाला की कोरड्या पिठावर बोटांनी फिरवत फिरवत थापायचा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, लगेच पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची. एवढं जमलं तर ती फुगते, पापुद्रा सुटतो. त्यात दळण ताजं पाहिजे. गव्हाची कणीक महिनाभर डब्यात पडून राहिली तरी चपातीचं फारसं बिघडत नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, थापता थापता कडा फाटतात, तव्यावर टाकायला उचलली की हातात दोन तुकडे. म्हणजे दर थोड्या दिवसांनी निवडण, गिरणी, रांग. ज्वारी महाग झाली म्हणून लोकांनी सोडली हे खरंच आहे, पण तिला लागणारे हात घरात उरले नाहीत, हेही तितकंच खरं.

आमच्या समोरच्या अक्का विड्या वळतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरांत हे दृश्य आहे. मांडीवर सूप, सुपात ओलं करून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीनं कापलेले तुकडे, एका बाजूला तंबाखूची ढेप. पानाच्या तुकड्यावर तंबाखूची चिमूट, दोन बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. बघणाऱ्याला जादू वाटते. मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यावर माल द्यायला गेलं की तिथं छाट निघते, बारीक वाटली, सैल वाटली की ती बाजूला, तिचे पैसे नाहीत. सकाळी पाचला उठून पाणी भरायचं (आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, येतं तेव्हा अख्खं गाव जागं होतं), आणि मग दिवसभर मान खाली. मी एकदा विचारलं, "अक्का, पूर्वी तुमच्याकडे ज्वारी दिसायची, हल्ली भातच दिसतो."

"भाकरी थापत बसले तर विड्या कोण वळायचं गं?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "भात कुकरला लावला की शिट्टी तेवढी मोजायची. हात मोकळे."

आता अक्कांचं घर तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या चार-पाच पिढ्या इथं मागावर आणि गिरण्यांत राबल्या. भात त्यांचा मूळचाच, त्यामुळे "सगळ्यांनी ज्वारी खावी" असं फर्मान मी काढणार नाही. पण त्या भाताबरोबर पूर्वी पप्पू (तेलुगू पद्धतीची डाळ) असायचा, अंबाडीची पालेभाजी असायची, चिंचेचं सार असायचं, आठवड्याला कधी अंडं, कधी सुकट. आता बऱ्याचदा भात आणि पातळ आमटी, किंवा भात आणि लोणचं. कुकरच्या शिट्टीबरोबर नुसता भात होतो, बाकी ताटाला हातच लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. दिवसभर तंबाखूच्या धुळीत मान घालून बसणाऱ्या आणि सगळ्यात शेवटी ताट वाढून घेणाऱ्या बायकांची वेगळी फेरी काढली तर काय दिसेल, ते आमच्या गल्लीत तरी सगळ्यांना न मोजता दिसतं.

हे रक्त वाढावं म्हणून सरकारनं एक उपाय केला, त्याची गंमत सांगते. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायला सुरुवात झाली. तांदळाच्याच पिठात ही द्रव्यं कालवून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि शंभर किलोला एक किलो या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. कल्पना वाईट नाही. पण हे दाणे जरा पिवळसर, जरा गुळगुळीत, पाण्यात टाकले की कधी तरंगतात. अक्का दारात बसून तांदूळ निवडत होत्या आणि हेच दाणे नेमके वेचून उंबऱ्याबाहेर टाकत होत्या. "प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात गं," त्या म्हणाल्या. "मोबाइलवर आलंय." मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेचणं चालूच ठेवलं. सरकारनं यंत्रं बसवून, गोदामांत मिसळून, हजार मैल रेल्वेनं आणून अक्कांच्या सुपापर्यंत पोचवलेलं लोह शेवटच्या दोन बोटांत अडलं, कारण त्या सुपाशी बसून कुणी तेलुगूत दोन वाक्यं बोललं नव्हतं. रेशनवाल्याला ई-पॉस मशीनवर अंगठा लागला की त्याचं काम झालं. त्याला बोलायचा पगार नाही, आणि त्याच्या रांगेत उभ्या असणाऱ्या बाईला ऐकायला वेळ नाही.

रेशनबद्दल मी उपहासानं बोलणार नाही. ज्यांनी उपास काढले आहेत त्यांना ते पोतं काय असतं हे माहीत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदयच्या कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्कानं दिलं. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, २०२३ पासून तेही फुकट. लॉकडाउनमध्ये यंत्रमाग बंद, विडी बंद, तेव्हा या पोत्यानंच आमचा पूर्व भाग तगला. तरी दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे, शहरात प्राधान्य यादीत बसायला घराचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं. महिन्याला पाच हजार रुपयेसुद्धा नाहीत! या आकड्यात बसायला माणसानं एक तर उपाशी असलं पाहिजे किंवा दाखल्यापुरतं खोटं बोललं पाहिजे. दुसरी म्हणजे, त्याच कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोनं द्यायची सोय लिहिलेली होती. आमच्या दुकानात बहुतेक महिने येतो तो गहू आणि तांदूळच. ज्वारीच्या जिल्ह्यात ज्वारी बाजारातून विकत घ्यायची आणि पंजाब-छत्तीसगडकडून आलेलं धान्य फुकट, असा हिशेब झाल्यावर कुठली बाई काठवट काढेल? तेलाचंही तेच. ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी टाकायची आमच्याकडे रीत. करडईवर संशोधन करणारं केंद्र सोलापुरात. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल.

या जिल्ह्याला भुकेची ओळख जुनी आहे, आणि भुकेल्यांसाठी कोठार उघडण्याचीही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथल्या पोराला पाळण्यात ऐकायला मिळते. बहामनी बादशहाच्या चाकरीतला हा माणूस, दुष्काळ पडला तेव्हा त्यानं सरकारी धान्याची कोठारं लोकांना लुटू दिली. बेदरहून पकडायला शिपाई आले. आणि मग विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून रसीद घेऊन आला. लहानपणी मला त्यात विठ्ठलाचा चमत्कार मोठा वाटायचा. आता वाटतं, आमच्या लोकांनी देवालासुद्धा कारकुनाच्या खिडकीशी उभं केलं, पैसे भरायला लावले, पावती घ्यायला लावली. धान्य वाटलं म्हणजे कुणी तरी त्याचा हिशेब द्यावा लागतो, हे त्या काळच्या भाविकालाही कळत होतं.

इंग्रजांच्या काळात तोच हिशेब कसा झाला बघा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणून ठेवली. मोडक्या अंगानं खडी फोडणाऱ्याला एवढंच, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यावर बोंब केली. त्याच दुष्काळात, १८७७ साली, मोरारजी गोकुळदासांनी सोलापुरात कापडगिरणी काढली, ती आमची जुनी गिरणी. पोटासाठी शहरात आलेल्या माणसांना गिरणीत जागा मिळाली. गिरणगावाचा जन्मच असा भुकेच्या पोटी झालाय. भोंगा वाजला की भाकरी बांधून निघायचं, तेव्हापासून ही गडबड सुरू आहे.

माझी आजी १९७२ चं सांगायची. ती माहेरी अक्कलकोट तालुक्यात, पाझर तलावाच्या कामावर. रेशनवर अमेरिकेतून आलेला लालसर मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापता येत नाही, आली तर घशाखाली उतरत नाही, असं ती तोंड वेडंवाकडं करून सांगायची. पण सुकडीचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलायचा. पोरांना मिळणारी ती गोडसर, भाजलेल्या पिठाची भुकटी मूठमूठ तोंडात टाकली की काम झालं. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी त्या दुष्काळात मोठी झाली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, सगळ्या देशानं तिचं उदाहरण घेतलं. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला मिलो आणि सुकडी यांतला फरक ठाऊक होता. दिवसभर माती वाहून आल्यावर एकाला चूल पेटवावी लागते, दुसरीला नाही.

म्हणून मला शाळेतली खिचडी ही आपल्याकडची सगळ्यात शहाणी सरकारी योजना वाटते. १९९५ साली शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा पोरांच्या घरी कोरडे तांदूळ जायचे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये सांगितलं, शिजवलेलं अन्नच द्या. तांदूळ घरी गेला की तो घराचा होतो, ताटात पडला की तो पोराचा होतो. दक्षिण सोलापुरातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी मावसबहीण शिकवते. तिच्याकडे गेले की मी आधी खिचडीच्या खोलीत डोकावते. पहिली ते पाचवीच्या पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं माप. वीस ग्रॅम डाळ म्हणजे मूठही भरत नाही. पण तिथल्या मावशी डाळीऐवजी अख्खं कडधान्य असलं की ते आदल्या दिवशी भिजवून मोड आणतात, शेवग्याच्या झाडाचा पाला ओरबाडून घालतात, आणि आठवड्यात एकदा स्वतःच्या घरून चिंच आणून असा काही फोडणीचा भात करतात की मास्तरही ताटली घेऊन येतात. पोरं कन्नडमधून आणखी मागतात, मावशी मराठीतून "संपला" म्हणतात, आणि तरी वाढतात.

या मावशींना काय मिळतं? केंद्रानं २००९ साली स्वयंपाकी-मदतनिसाचं मानधन महिना १००० रुपये ठरवलं, ते अजून तिथंच आहे. राज्य आपली भर घालतं तेव्हा ते अडीच हजारांपर्यंत जातं. त्यात सरपण-गॅसची ओढाताण, भांडी घासणं, धान्यातल्या किड्यांबद्दल पालकांची बोलणी. डाळ ग्रॅमवर मोजतात, तेल ग्रॅमवर मोजतात, मावशींचे तास कुठल्याच रकान्यात नाहीत. अंड्याचं तर विचारूच नका. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं किंवा केळं द्यायचं ठरलं, पोरं खूश झाली. २०२५ च्या जानेवारीत शासनानं त्याचा वेगळा निधी थांबवला, लोकवर्गणीतून बघा म्हणाले. त्या शाळेपासून कर्नाटक सायकलवर जाण्याइतकं जवळ. पलीकडच्या विजापूरच्या बाजूला सरकारी शाळांत २०२१ पासून अंडी आहेत, आणि २०२४ पासून एका फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहा दिवस. इकडच्या पोरांच्या आत्या-मामाची पोरं तिकडं शिकतात. जत्रेला भेटली की अंड्यांचा विषय निघतोच.

शहरात शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला आली. दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला आणि ही थाळी नसती तर काय झालं असतं कोण जाणे, त्या काळात ती पाच रुपयांना आणि पुढे फुकटही मिळाली. रिक्षावाले, हमाल, बांधकामावरची माणसं अजून त्या थाळीवर दुपार काढतात. १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रं निघाली होती, ती कशी मावळली ते माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे थाळीचं केंद्र दुपारी बंद दिसलं की पोटात गोळा येतो. झुणका-भाकरीत निदान भाकर तरी होती.

भाज्यांचं गणित निराळंच आहे. सोलापूरच्या बाजारात कांद्याचे डोंगर लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा इथं आणून विकला, हमाली-तोलाई-भाडं वजा जाऊन त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला, तो सगळ्या देशानं पाहिला. त्याच आठवड्यात गल्लीत आलेल्या गाड्यावर कांदा दोन रुपयांना गाडाभर मिळत होता असं कुणाच्या ऐकिवात नाही. लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उशिरा गेलं तर खेड्यातून आलेल्या बायका पोत्यावर करडईची भाजी, चिगळ, तांदुळजा, पाथरी, अंबाडी मांडून बसलेल्या दिसतात. परतीची गाडी गाठायची असते, म्हणून वाटे पडतात. पाच-दहा रुपयांत लोहाचा एवढा साठा दुसरीकडे मिळणार नाही. पण पाथरी निवडायला अर्धा तास, अंबाडीचं एकेक पान खुडायचं, चिगळीची माती तीन पाण्यांत जाते. अक्का मंडईत येतात त्या बटाटे घेऊन जातात.

कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. पलीकडे रे नगर, तीस हजार घरांची आखणी, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. कष्टकऱ्यांनी झगडून मिळवलेली ही घरं, त्याचा अभिमान आहेच. पण घर शहराबाहेर गेलं की मंडई लांब जाते. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी तिथं दाराशी न्हाणीच्या पाण्यावर शेवगा, कढीपत्ता आणि दोडक्याचा वेल लावलाय. गावांत 'उमेद'च्या गटांनी पोषण परसबागा केल्या, गोल वाफे, मधे कंपोस्टचा खड्डा, ते आराखडे छान दिसतात. ताईंना आराखडा माहीत नाही. त्या म्हणतात, शेवग्याला काय करावं लागत नाही, म्हणून लावला. पाला ओरबाडायचा, आमटीत टाकायचा, चिरायचाही नाही. हे "काय करावं लागत नाही" मला तज्ज्ञांच्या कुठल्याही शिफारशीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एक दिवस मात्र असा येतो की सगळे हात एकाच वेळी मोकळे असतात. मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. अक्कलकोटकडे, दक्षिण सोलापुरात, पुढे लातूर-धाराशिवपर्यंत शहरं ओस पडतात. शेतात कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा, आणि मग जेवण. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चुका, गाजर, बोरं, चिंच, शेतात जे जे असेल ते एकाच पातेल्यात, वरून डाळीचं पीठ लावून घोटलेलं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, आदल्या रात्री माठात घातलेली. बाजरीचे उंडे. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं, नाही म्हणायची सोय नाही. आहारतज्ज्ञ ज्याला चौरस ताट म्हणतात ते इथं बांधावर बसून खाल्लं जातं. आणि त्यासाठी घरातल्या बायका दोन दिवस आधीपासून राबतात, शेजारच्या चार जणी येतात, एक दाणे सोलते, एक घोटते, एक उंडे वळते. वर्षातून एकदा हे जमतं. रोज जमावं अशी अपेक्षा कुणी ठेवली तर तिनं किंवा त्यानं आधी दाणे सोलायला बसावं.

आता आमचं. सिव्हिलमध्ये अक्कलकोट, तुळजापूर, इंडी, कुठकुठून रुग्ण येतात. रुग्णाला जेवण मिळतं, बरोबरची माणसं वडापाव आणि चहावर दिवस काढतात. आमच्या गल्लीतल्या बायकांनी लॉकडाउन उठल्यावर घरटी दोन भाकऱ्या आणि वाटीभर सुकी भाजी गोळा करायला सुरुवात केली, एक रिक्षावाला दादा ते नेऊन पोचवतो. पहिल्या पहिल्यांदा उत्साह होता. हळूहळू भाकऱ्यांच्या जागी चपात्या आल्या, चपात्यांच्या जागी ब्रेडचे पुडे, आणि ज्यांना येणं जमेना त्यांनी शंभराची नोट पाठवायला सुरुवात केली. नोटा साठल्या, भाकऱ्या घटल्या. मी पतसंस्थेत कारकुनी करते, त्यामुळे हा गल्ला माझ्याकडे. मी बैठकीत म्हटलं, या पैशातून बचत गटाच्या बायकांकडून कडक भाकरी विकत घेऊ. टिकते, वाया जात नाही, नातेवाइकाला दोन दिवस पिशवीत पुरते, शेंगाचटणी दिली की पोटालाही आधार. त्यावर खडाजंगी झाली. निवृत्त गुरुजींचं म्हणणं, सेवा म्हणजे सेवा, भाकरीला पैसे मोजले की तो धंदा झाला. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, गुरुजी, तुमच्या घरून येणाऱ्या दोन भाकऱ्या कोण थापतं ते सांगा. गुरुजींनी चष्मा पुसला. दुसऱ्या एकीचं म्हणणं वेगळं होतं, आणि मला ते पटलं. बाहेरून विकत आणण्यापेक्षा आपल्याच गल्लीतल्या ज्या बायका हे करायला तयार आहेत त्यांना दर लावून द्या, ज्वारी आणि गॅस गल्ल्यातून.

अक्का या बैठकीला येत नाहीत, त्या दारातूनच ऐकत होत्या, हात चालूच. मधेच म्हणाल्या, "भाकरीला दर लावणार असाल तर माझ्या सुनेचं नाव लिहा. तिला येते, कर्नाटकातली आहे. पण विडीपेक्षा कमी देऊ नका, मग ती विडीच वळंल."

दर अजून ठरलेला नाही. हजार विड्यांना किती तास जातात, पान भिजवणं, कापणं, कारखान्यावर जाणं-येणं, छाट सगळं धरून तासाला काय पडतं, आणि तेवढ्या तासात किती भाकऱ्या होतात, हा हिशेब पुढच्या रविवारपर्यंत काढून आणायचं काम माझ्याकडे आलंय.